आवाज तिचा, कागद कुणाचा? गोव्याच्या लोर्नाची गोष्ट आणि आपले अहिराणी गाणारे

(पॉडकास्टच्या या भागाचं लिखित रूप. बोलताना राहून गेलेले एक-दोन मुद्दे इथे वाढवले आहेत.)

 

आज गोष्ट आहे एका गायिकेची. तिची गाणी गोव्यात लग्नात वाजत होती, रेडिओवर वाजत होती, टॅक्सीत वाजत होती. पण ती स्वतः वीसेक वर्षं कुठेच गात नव्हती. आवाज सगळीकडे, आणि आवाजाची मालकीण गप्प. तिचं नाव लोर्ना. पूर्ण नाव लोर्ना कॉर्देरो. जन्म १९४६ चा, मुंबईतला. गोव्यात तिला ‘गोव्याची कोकिळा’ म्हणतात.

तुम्ही म्हणाल, जळगाव-धुळ्याच्या पॉडकास्टवर गोव्याची नाइटक्लबची गायिका कशाला? कारण आपल्याकडे आज घरटी एक गाणारा आहे. अहिराणी गाणं रेकॉर्ड होतं, यूट्यूबवर चढतं, लग्नसराईत डीजेवर वाजतं, आणि गाणाऱ्या पोराला विचारलं की “भो, तुला यातून काय मिळतं?” तर तो खांदे उडवतो. लोर्नाची गोष्ट त्या खांदे उडवण्याबद्दल आहे.

आधी एक गैरसमज काढू: कॅब्रे म्हणजे काय?

कॅब्रे म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर हेलन येते, पिसांचा मुकुट आणि लाल दिवे. तो हिंदी सिनेमाचा कॅब्रे. मुळात कॅब्रे म्हणजे जेवणाची टेबलं, छोटं स्टेज, मागे बँड किंवा नुसता एक पियानो, आणि समोर गाणारी व्यक्ती. लोक जेवतायत, गप्पा मारतायत, मध्येच उठून नाचतायत, आणि गाणारीने या सगळ्या गोंधळात त्यांचं लक्ष खेचून घ्यायचं. आपल्या बैठकीच्या लावणीशी याचं नातं जुळतं. श्रोता हाताच्या अंतरावर, त्याच्या डोळ्यांत बघून गायचं.

अशा गायकाला ‘क्रूनर’ म्हणत. हा प्रकार मायक्रोफोनमुळे जन्मला. माइक नव्हता तेव्हा शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकावा लागायचा. आपल्या संगीत नाटकातले नट तसंच गायचे. माइक आला आणि गायिका कानाशी बोलल्यासारखं गाऊ लागली. लोर्ना या परंपरेतली. फक्त तिच्यात एक वेगळेपण होतं. ती हळू गाऊ शकायची, आणि पुढच्याच ओळीत असा आवाज लावायची की मागचे ट्रम्पेट फिके पडावेत.

मुंबईत हे आलं कुठून?

थोडं मागे जाऊ. १९३५ मध्ये लिऑन अ‍ॅबी नावाचा कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवादक आपला बँड घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. त्याच्या पाठोपाठ आणखी काही अमेरिकन वादक आले. त्यातला सगळ्यात मोठा म्हणजे टेडी वेदरफोर्ड. हा पियानो वाजवायचा, अधूनमधून गायचाही. शिकागो, शांघाय, मुंबई, कलकत्ता असा त्याचा प्रवास. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्याने कलकत्त्यात कोलंबिया कंपनीसाठी पुष्कळ रेकॉर्ड केल्या. १९४५ मध्ये तिथेच कॉलऱ्याने तो गेला. वय अवघं ४१.

त्याच्यासारख्यांच्या बँडमध्ये शेजारी बसून वाजवणारे बरेच जण गोव्याचे होते. याचं कारण साधं आहे. पोर्तुगीज काळात गोव्यातल्या चर्चच्या शाळांमध्ये मुलांना व्हायोलिन आणि नोटेशन, म्हणजे कागदावरची सुरांची लिपी, लहानपणापासून शिकवायचे. गोव्यात नोकऱ्या नव्हत्या, म्हणून ही मुलं मुंबईला यायची. धोबीतलावला गावागावाच्या ‘कूड’ होत्या, म्हणजे एका गावच्या लोकांनी चालवलेल्या खोल्या. आपल्याकडचा माणूस पुण्याला गेला की आधी गाववाल्याच्या रूमवर उतरतो ना, तसंच.

रात्री हॉटेलात जॅझ वाजवणारे हेच लोक दिवसा फिल्म स्टुडिओत जायचे. संगीतकार पेटीवर चाल ऐकवायचा, आणि गोव्याचा अरेंजर ती पन्नास वादकांसाठी कागदावर उतरवायचा. सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, अँथनी गोन्साल्विस ही त्यातली नावं. ‘अमर अकबर अँथनी’मधल्या गाण्यात अमिताभ जे नाव सांगतो, ते या खऱ्या अँथनी गोन्साल्विस यांचं. ते संगीतकार प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू. गाणं अख्ख्या देशाला पाठ आहे. मूळ माणूस किती जणांना माहीत होता? आवाज आणि मालक यांची फारकत तुम्हाला इथूनच दिसायला लागेल.

क्रिस पेरी आणि लोर्ना

आता आपली जोडी. क्रिस पेरी, मूळ आडनाव परेरा, जन्म १९२८, मडगावच्या बोर्ड्याचा. ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन दोन्ही वाजवायचा. स्वतः चाली बांधायचा, स्वतः गाणी लिहायचा, आणि बँडवर त्याची करडी शिस्त असायची.

लोर्ना किशोरवयातच मुंबईत बँडबरोबर गाऊ लागली होती. क्रिस पेरीने तिचं गाणं ऐकलं आणि तिला आपल्या बँडमध्ये घेतलं. पुढची काही वर्षं ही जोडी चर्चगेटला अ‍ॅस्टोरिया हॉटेलच्या ‘व्हेनिस’मध्ये गाजली, कलकत्त्याला ‘फिर्पोज’मध्ये गाजली. तेव्हाच्या चर्चगेट स्ट्रीटवर, म्हणजे आजच्या वीर नरिमन रोडवर, एकेका इमारतीत एकेक बँड वाजत असे. त्यातही गंमत अशी की १९४९ च्या कायद्याने मुंबई राज्यात दारूबंदी होती. म्हणजे जॅझ जोरात, आणि टेबलावर कॉफी किंवा परमिट!

क्लबात लोर्ना इंग्रजी गाणी गायची. पण तिचं नाव झालं ते कोकणीमुळे. क्रिस पेरीने काय केलं, तर जॅझचा ब्रास, लॅटिन अमेरिकन ठेका आणि कोकणी बोली हे एकत्र आणलं. ‘बेबदो’ हे गाणं घ्या. बेबदो म्हणजे आपला बेवडा! शब्द ओळखीचा वाटला ना? ‘पिसो’ म्हणजे वेडा. मराठीत आपण ‘पिसं लागणं’ म्हणतो, त्यातलंच ते. ‘तुजो मोग’ म्हणजे तुझं प्रेम. ‘नाचुंया कुंपासार’ म्हणजे ठेक्यावर नाचूया. ‘कुंपास’ हा शब्द पोर्तुगीजमधून आला, अर्थ ताल. कोकणी येत नसली तरी ही गाणी आपल्याला निम्मी कळतात, आणि उरलेली निम्मी लोर्नाचा आवाज कळवतो.

माझं ऐकाल तर आधी ‘बेबदो’ लावा आणि मग ‘लिस्बोआ’. पहिल्यात ती चिडवते, खिदळते, दम देते. दुसऱ्यात तोच गळा आतून भरून येतो. अशी दोन टोकं एकाच गळ्यात असणं म्हणजे काय, ते दोन्ही गाणी लागोपाठ ऐकल्यावरच कळतं.

ही रेकॉर्ड व्हायची कशी?

आज तुम्ही घरी मोबाइलवर ट्रॅक गाता, चुकलं तर तेवढीच ओळ परत गाता, सूर हलला तर सॉफ्टवेअर सरळ करतं. तेव्हा अख्खा बँड आणि गायिका एकाच वेळी, एकाच खोलीत. शेवटच्या कडव्यात ट्रम्पेटवाला चुकला की सगळ्यांनी पहिल्यापासून. म्हणून त्या गाण्यांत एक तणाव ऐकू येतो. सगळे जण एकमेकांचा श्वास सांभाळत वाजवतायत असं वाटतं.

कंपनी मुख्यतः एकच, ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडिया. कुत्र्याचं चित्र असलेली एचएमव्ही, आजची सारेगामा. तबकड्या छापायचा कारखाना कलकत्त्याजवळ डमडमला. सात इंची ईपी तबकडीवर एका बाजूला साधारण दोन गाणी, मिनिटाला ४५ फेरे. त्या तबकड्या गोव्यात पोचल्या, आकाशवाणीच्या पणजी केंद्रावरून वाजल्या, आणि ज्यांनी मुंबईच्या क्लबात कधी पाऊल ठेवलं नव्हतं त्या घराघरांत लोर्ना पोचली.

इथे एक फरक लक्षात घ्या. क्लबातलं गाणं रात्री संपतं. दुसऱ्या दिवशी पैसे हवेत तर परत जाऊन गावं लागतं. रेकॉर्ड मात्र गायिका झोपली तरी वाजत राहते. मग त्या वाजण्याचे पैसे कुणाचे? हाच प्रश्न त्याच साठच्या दशकात लता मंगेशकर हिंदी सिनेमात विचारत होत्या. गायकांना रॉयल्टी मिळाली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. मोहम्मद रफींचं मत वेगळं होतं: गाण्याचे पैसे मिळाले, विषय संपला. त्यावरून दोघांनी काही वर्षं एकत्र गाणंच बंद केलं होतं. लताबाईंची ही गत, तर क्लबात गाणाऱ्या विशीतल्या मुलीला कोण विचारतो!

आणि मग शांतता

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ही जोडी फुटली. त्यांच्या खासगी नात्याबद्दल गोव्यात आजवर पुष्कळ बोललं गेलंय, आपण त्यात शिरणार नाही. आपला विषय आहे कागद. लोर्नाने क्रिस पेरीशी करार केला होता, आणि त्यात वीस वर्षं दुसऱ्या कुणाबरोबर गायचं नाही अशी अट होती, असं सांगितलं जातं. अट पाळली गेली कागदामुळे, धाकामुळे की मनातूनच काही तुटल्यामुळे, हे बाहेरच्याने ठरवू नये. झालं काय, ते मात्र सगळ्यांसमोर आहे. गायिकेचा आवाज ज्या वयात पिकतो, त्या वयात लोर्ना स्टेजवर नव्हती.

क्रिस पेरीला खलनायक करून मोकळं होणं सोपं आहे. पण त्याने कोकणी गाण्याला जो आवाज दिला तो त्याच्याआधी नव्हता. १९७७ मध्ये ‘भुयारांतलो मनीस’ हा पहिला रंगीत कोकणी सिनेमा आला, त्याचं संगीत त्याचंच. काही वर्षं तो दुबईतही राहिला. २००२ मध्ये तो गेला. त्याच्याशिवाय ‘बेबदो’ लिहिलंच गेलं नसतं, आणि लोर्नाशिवाय ते कुणी लक्षात ठेवलं नसतं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. म्हणूनच करार नीट असायला हवा होता.

डिसेंबर १९९५ मध्ये, पणजीला मिरामारच्या किनाऱ्यावर लोर्ना परत उभी राहिली. तिला परत आणण्यात संगीतकार रॉनी मोन्सेरात यांचा मोठा वाटा. समोर हजारोंची गर्दी होती, त्यात असे कितीतरी तरुण होते ज्यांनी तिला फक्त तबकडीवर आणि कॅसेटवर ऐकलं होतं. नंतर ‘हॅलो लोर्ना’ नावाचा अल्बम आला. २०१४ मध्ये बार्डरॉय बारेटो यांनी ‘नाचुंया कुंपासार’ हा सिनेमा केला. त्या काळच्या गोव्याच्या वादकांची गोष्ट, आणि तीही क्रिस पेरीच्या जुन्या गाण्यांतूनच उलगडलेली. त्याला सर्वोत्कृष्ट कोकणी चित्रपटासह राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, आणि नायिका पालोमी घोष हिचा विशेष उल्लेख झाला.

आता आपल्या अंगणात

आपल्या असोद्याच्या बहिणाबाईंचा आवाज रेकॉर्ड झालाच नाही. सोपानदेवांनी ओव्या लिहून ठेवल्या, १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक आलं, म्हणून शब्द तरी उरले. आपल्याकडे शब्द आहेत, आवाज नाही. लोर्नाचा आवाज होता, पण तो वापरायची मोकळीक तिला नव्हती. आजच्या अहिराणी गायकाकडे आवाज, शब्द, कॅमेरा, सगळं आहे. फक्त कागद नाही. किंवा आहे, पण वाचलेला नाही.

जळगाव-धुळ्यातल्या गाणाऱ्या मुलामुलींशी बोलते तेव्हा मला साधारण एकच चित्र दिसतं. स्टुडिओचा आणि शूटिंगचा खर्च चॅनलवाला करतो. गायकाला एकरकमी पैसे, कधी नुसतंच नाव. बोलणी चहाच्या टपरीवर. गाणं चाललं की मग आठवतं, अरे, लेखी काहीच नाही! पुढे त्याने तेच गाणं स्वतःच्या चॅनलवर टाकलं की यूट्यूबचा क्लेम येतो, कारण यूट्यूबच्या यंत्रणेत त्या रेकॉर्डिंगचा मालक दुसराच नोंदलेला असतो. चॅनलवाला चोर असतोच असं नाही. पैसे त्याने घातलेले असतात, जोखीम त्याची असते. पण गाणाऱ्याला आपण नेमकं काय दिलं हेच माहीत नसतं.

तर लोर्नाच्या काळी नव्हत्या आणि तुमच्याकडे आहेत, अशा काही गोष्टी सांगते. मी वकील नाही. मोठा व्यवहार असेल तर वकिलाला दाखवाच. पण एवढं तरी डोक्यात ठेवा.

एक. एका गाण्यात तीन वेगळे हक्क असतात: शब्द आणि चाल यांचा, रेकॉर्डिंगचा, आणि गाणाऱ्याचा. पहिला हक्क लिहिणाऱ्या-चाल लावणाऱ्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. क्रिस पेरी २००२ मध्ये गेला, म्हणजे त्याच्या चालींवर २०६२ च्या अखेरपर्यंत हक्क आहे. रेकॉर्डिंगचा हक्क ते बाहेर आल्यापासून ६० वर्षं. गाणाऱ्याचा हक्क ५० वर्षं. म्हणून “जुनं गाणं आहे, कुणाचंही” असं म्हणून कव्हर करू नका.

दोन. गाणाऱ्याचा हक्क हा प्रकार आपल्या कॉपीराइट कायद्यात आला १९९४ च्या दुरुस्तीने. म्हणजे लोर्नाच्या सगळ्या गाजलेल्या रेकॉर्ड झाल्या तेव्हा तो अस्तित्वातच नव्हता. २०१२ च्या दुरुस्तीने पुढचं पाऊल टाकलं: गाण्याचा व्यावसायिक वापर झाला तर गाणाऱ्यालाही रॉयल्टीचा अधिकार. २०१३ मध्ये त्यासाठी गायकांची ‘इस्रा’ ही संस्था सुरू झाली. गीतकार-संगीतकारांसाठी ‘आयपीआरएस’ १९६९ पासून आहे. गाणं लिहिता किंवा चाल लावता, तर सभासद व्हायचं कसं ते बघा.

तीन. शब्द-चालीचा किंवा रेकॉर्डिंगचा हक्क कायमचा दुसऱ्याच्या नावावर करायचा तर तो लेखी आणि सहीनिशी करावा लागतो. नुसतं “दिलं तुला” चालत नाही. कागदावर मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत धरतो. म्हणून ‘कायमस्वरूपी’ आणि ‘संपूर्ण जगात’ हे दोन शब्द दिसले की थांबा. ते उगाच लिहिलेले नसतात.

चार. “करार संपल्यावरही दुसऱ्याकडे गायचं नाही” ही अट. १८७२ च्या करार कायद्याचं कलम २७ सांगतं की माणसाला त्याचा धंदा-व्यवसाय करण्यापासून अडवणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल. श्रीरामपूरचा झहीर खान आठवतो ना? त्याच्या जाहिरातींचं काम बघणाऱ्या कंपनीशी त्याचा करार संपला, पण त्यात अट होती की पुढची ऑफर आधी त्याच कंपनीला दाखवायची. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, करार संपल्यानंतरचं असं बंधन चालणार नाही. मात्र करार चालू असताना ‘फक्त आमच्यासाठी गा’ ही अट न्यायालयं सहसा मान्य करतात. म्हणून मुदत छोटी ठेवा. वर्ष, दोन वर्षं, किंवा ठरावीक गाणी.

पाच. वय अठराच्या खाली असेल तर स्वतः सही करू नका. अशी सही कायद्यात उभी राहत नाही, आणि नंतर भांडायला मात्र पुरते. आई-बाबांना बसवा, कागद मोठ्याने वाचा, आणि सही केलेल्या प्रत्येक पानाचा फोटो स्वतःकडे ठेवा.

एवढं ऐकून कुणी म्हणेल, “ताई, आधी गाणं तर चालू दे, मग कागदाचं बघू.” अडचण अशी की गाणं चालल्यावर कागद करायला समोरचा तयार होत नाही. गाणं चालायच्या आधी दोघांनाही ते चालेल की नाही माहीत नसतं, म्हणून तेव्हाच बोलणी सरळ होतात. दोन पानं पुरतात. गाणं कुठलं, पैसे किती, वाटा किती टक्के, किती वर्षांसाठी, नाव कुठे येणार, आणि मला स्वतःला ते स्टेजवर गाता येईल की नाही. शेवटचा मुद्दा सगळ्यात जास्त विसरला जातो.

लोर्ना परत आली, लोकांनी तिला डोक्यावर घेतलं, हे छानच झालं. पण मधली वीसेक वर्षं परत आली नाहीत. त्या वर्षांत ती काय गायली असती, याची तबकडी कुठेच नाही. आपल्याकडच्या कुठल्याही पोरीच्या नाहीतर पोराच्या गाण्यात अशी रिकामी जागा राहू नये, एवढ्यासाठी हा भाग.

तुम्ही गात असाल, आणि तुमच्याकडे करार म्हणून एखादा कागद आला असेल, तर नाव-गाव झाकून त्यातली न कळलेली ओळ आम्हाला पाठवा. एखाद्या भागात जाणकार माणसाला बसवून त्या ओळी सोप्या मराठीत उलगडू. तोपर्यंत ‘बेबदो’ ऐका, ‘लिस्बोआ’ ऐका, आणि हा भाग तुमच्या ओळखीतल्या गाणाऱ्या मित्राला पुढे पाठवा. सही करायच्या आधी पाठवा, म्हणजे झालं!